आईची चार वाजताची शर्यत

तुमची आई शेवटची कधी खेळली, हे तुम्हाला सांगता येईल का? नातवंडांना खेळवलं ते धरू नका. गणपतीत कॉलनीतल्या बायांसाठी ठेवलेली संगीतखुर्चीही धरू नका. स्वतःसाठी, जिंकायच्या इराद्याने, हरली तर रात्रीच्या जेवणापर्यंत कोणाशी नीट बोलणार नाही, असं कधी खेळली? मी हा प्रश्न ओळखीच्या पुष्कळांना विचारला आहे. बहुतेक जण हसतात. एकजण म्हणाला, आमच्या आईला वेळच नसतो. हे तो कौतुकाने सांगत होता.

माझी आई रोज दुपारी चार वाजता खेळते. अमरावतीत आमच्या घराच्या मागच्या खोलीत जुन्या टीव्हीसमोर चटईवर बसून ती गाडी पळवते. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, त्याच वेळी अकोल्याला जठारपेठेत पलंगावर उशीला टेकून दुसरी गाडी पळवते. दोघींच्या हातात गेमचे रिमोट आणि कानांवर हेडफोन. चार ते पाच शर्यत चालते. त्या तासात दोघी सख्ख्या बहिणी एकमेकींना जे बोलतात ते छापण्यासारखं नाही.

हे सगळं सहज झालेलं नाही. आमचं घर पत्रकांचं घर आहे. बाबा छापखान्यात नोकरीला होते आणि नोकरीबाहेरच्या वेळात पत्रकं लिहायचे. वसतिगृहातल्या जेवणावर, नळाला न येणाऱ्या पाण्यावर, बंद पडलेल्या एसटीच्या फेरीवर, भोंदू बाबांवर. पाटीच्या आधी मी अक्षरं पत्रकांवर शिकले. ‘जाहीर आवाहन’ हे मला वाचता आलेले पहिले दोन शब्द. पत्रकाची घडी कशी घालायची, खांबाला खळ कशी लावायची, दुकानदार हाकलतो तेव्हा काय बोलायचं, हे मला दहाव्या वर्षी येत होतं. त्या सगळ्या पत्रकांमध्ये माणसाला काय काय हवं त्याची मोठी यादी होती. खेळ एकाही पत्रकात नव्हता. बाबांचं मत होतं की खेळ ही रिकाम्या लोकांची सोय आहे, आणि आपण रिकामे नाही.

म्हणून मी माझ्या लिखाणाच्या पहिल्या पैशातून गेमचं मशीन घेतलं तेव्हा ते चोरासारखं घरात आणलं. कोणीतरी वापरून विकलेलं जुनं मशीन होतं. इंटरनेटची तार लावायचं भोक आधीच्या मालकाने मोडून ठेवलेलं, त्यामुळे ते फक्त वाय-फायवर चालायचं. मी ते अंगणापलीकडच्या मागच्या खोलीत ठेवलं. एका दुपारी आई वाळलेले कपडे घ्यायला आली, दारात उभी राहून पाहत राहिली, आणि म्हणाली, “हे वळन तुले जमून नाई राहिलं. आण इकडं.”

तिला जमलं. लगेच नाही, पण आठ दिवसांत ती मला हरवायला लागली.

आई आणि मावशी वलगावच्या. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर शंकरपट भरायचा, बैलजोड्यांची शर्यत. आजोबांची जोडी पळायची. त्या बैलांना चारा घालणं, पाणी दाखवणं, शिंगांना तेल चोळणं हे दोन्ही मुलींचं काम. पटावर मात्र बायांनी जायचं नाही. दोघी घराच्या छतावर चढून धुळीचा लोट बघायच्या आणि कोणाची जोडी पुढे असेल त्याचा अंदाज बांधायच्या. आई हे हसत सांगते. मला ते ऐकताना हसू येत नाही.

गेल्या हिवाळ्यात मावशी न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं परत आलं नाही. तिचे यजमान आधीच गेलेले. मुलगा पुण्याला. दिवसभर एक बाई सोबतीला असते. मुलाने एका खेपेत त्याचं जुनं मशीन मावशीला आणून जोडून दिलं आणि सांगितलं की करमत नसेल तर हे बघ, नाहीतर पुढच्या वेळी परत नेईन, मित्र मागतो आहे. मावशीने दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी फोन केला. “तुह्या मायले दे. तिची लय हवा आयकली.”

त्या दिवसापासून चारची शर्यत सुरू झाली. आणि त्या दिवसापासून आईने कॉलनीत सांगायला सुरुवात केली की डॉक्टरने तिला चार ते पाच पडून राहायला सांगितलं आहे, बीपीसाठी. मागच्या खोलीचं दार ती आतून लावून घ्यायची.

होळीनंतर जोडणी तुटायला लागली. आईची गाडी तिसऱ्या वळणावर थिजायची, पडद्याच्या कोपऱ्यात वाय-फायची खूण लाल व्हायची, आणि मग ‘जोडणी तुटली’ असं येऊन सगळं संपायचं. मावशीचा फोन यायचा, “काहून वं, हरायले लागली की पळून जाते काय?” पहिले दोन दिवस गंमत होती. तिसऱ्या दिवशी आईने रिमोट चटईवर ठेवला तो जरा आपटूनच.

मी उपाय सुरू केले. मशीन बंद करून चालू केलं. राउटर बंद करून, पाच मिनिटं थांबून चालू केला. मशीनमधून आमच्या घरचं नेटवर्क पुसून टाकलं आणि पासवर्ड नव्याने घातला. आमच्या राउटरवर दोन नावं दिसतात, एक लांबवर जाणारं आणि एक वेगवान. मला वाटलं, खेळाला वेग हवा, म्हणून वेगवान नाव निवडलं. हे चुकलं. वेगवान लहर भिंतींपुढे आणखी दुबळी असते, हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसतं एवढं दिसलं की आता वाय-फायची खूणही येत नाही. परत जुन्या नावावर आले. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहिला, पण मागच्या खोलीत मोबाइललाही धड रेंज नाही; दीड फेरी झाली आणि आईची गाडी पुलावरून उडून हवेतच लटकली. मशीनमध्ये जोडणी तपासायची सोय असते. ती मी सकाळी चालवली की दोन रेघा दिसायच्या, कशीबशी का होईना जोडणी व्हायची. चारला चालवली की एकही रेघ नाही. रोज हेच. सकाळी असतं ते चारला जातं कुठे, हे कोडं मला सुटेना.

तेव्हा मी इंटरनेटवाल्यांना फोन लावला. आमच्या भागात एकच माणूस सगळ्यांच्या तक्रारी घेतो.

“काय काम असते ताई तुमचं नेटवर?”

“गेम.”

तो हसला. “गेमसाठी मानूस नाई पाठवत आमी. पोट्ट्याइचे क्लास असन, ऑफिसचं असन, तर सांगा. उद्या येते.”

“क्लास नाही. गेमच आहे.”

“ताई, मी तुमाले सांगून राहिलो ना. क्लास म्हना.”

मी म्हटलं नाही. मला खोटं बोलायला लावणारी व्यवस्था दिसली की माझ्या आतलं सगळं ‘जाहीर आवाहन’ जागं होतं. पैसे आम्ही दर महिन्याला भरतो. परीक्षेसाठी वापरा किंवा खेळासाठी, तार तीच, महिन्याचा दर तोच. मग एका कारणाला माणूस मिळतो आणि दुसऱ्याला हसू, हे कोणी ठरवलं? आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, “सांगून दे ना परीक्षा हाये म्हनून. कोन पाहाले येते?”

“मी खोटं सांगणार नाही.”

“तुहं तत्त्व अन् माहा तास,” ती म्हणाली, “हे बरं हाये.”

तरी मी ऐकलं नाही. टेबलाशी बसून मी एक पानभर अर्ज लिहिला. बाबांच्याच धाटणीचा, ठसठशीत. माझी आई, वय अठ्ठावन्न, रोज दुपारी चार ते पाच या वेळेत तिच्या अंथरुणाला खिळलेल्या बहिणीसोबत मोटारगाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळते, हा तिचा हक्क आहे, तो आपण परीक्षेपेक्षा कमी मानता तो कशाच्या आधारे, वगैरे. मी तो त्यांच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली. घरी येताना मला फार बरं वाटत होतं.

तीन दिवस कोणी आलं नाही. चौथ्या दिवशी आई चक्कीवरून पीठ घेऊन आली आणि डबा ओट्यावर ठेवून तशीच उभी राहिली. ऑफिसातल्या कोणीतरी माझ्या अर्जाचा फोटो काढून ग्राहकांच्या ग्रुपवर टाकला होता. चक्कीवर एका बाईने आईला सर्वांसमोर विचारलं होतं, “काय वं, बीपीची गोळी घेऊन गाडी कितीनं हानता?”

“तू मले इचारलं होतं काय?” आई म्हणाली.

“मी त्यात खोटं काहीच लिहिलं नाही.”

“खरं माहं होतं. लिहिलं तू.”

पत्रकं वाटत मोठं झालेल्या माणसाला एक सवय लागते. अन्याय दिसला की तो कोणाचा आहे हे विचारायच्या आधी तो आपला समजून लिहायला बसायचं. मी आईच्या बाजूने लढत होते आणि आईला ते पिठाच्या चक्कीवर कळलं.

ती मागच्या खोलीत जायची थांबली. चार वाजता खरोखरच पडून राहायला लागली, डोळे उघडे ठेवून.

आणि मग मावशीचा फोन आला, या वेळी माझ्यासाठी. “पुन्यावाला अक्षय तृतीयेले येऊन राहिला. त्यानं इचारलं, मशीन चालू हाये काय. म्या म्हटलं, बंद हाये. तो म्हने, मंग घेऊन जातो.” मग म्हणाली, “तुह्या मायले नोको सांगू. तिचं मन आधीच लागून नाई राहिलं.”

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याची बस पकडली. घरचं सगळं तपासून झालं होतं, तेव्हा बिघाड मावशीकडेच असणार, असं माझं मत झालं होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी पुण्याच्या भावाला काय काय सुनवायचं त्याचा मजकूरही तयार करून टाकला.

जठारपेठेतल्या घरी मावशी पलंगावर बसून होती. तिच्या पायांवर चादर, हाताशी रिमोट, पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्र. मी आल्याआल्या तिचं मशीन चालू करून जोडणी तपासली. सगळ्या रेघा भरलेल्या. दुपारी, चार वाजता, भर उन्हात. मी परत तपासली. परत भरलेल्या.

“झालं तपासून?” मावशी म्हणाली. “आता मी काही इचारू काय? का तू एकटीच शहानी?”

मावशी पातूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त होईपर्यंत. हे मला जन्मापासून माहीत आहे. आणि महिनाभर मी तिच्यासाठी धावपळ करत असताना तिला एकदाही काही विचारायचं मला सुचलं नव्हतं. ती पलंगावरची बाई होती, जिच्यासाठी लढायचं.

“तुमचा राउटर कुठं हाये?”

“पुढच्या खोलीत. मागच्या खिडकीपाशी.”

“अन् मशीन?”

“अंगणाच्या पलीकडच्या खोलीत.”

“मधात भिंत कायची?”

“जुनी, जाड. तिला लागून बाबांचं लोखंडी कपाट आहे, पत्रकांचं. भिंतभर.”

“म्हंजे तिकून लहर जाऊ शकत नाई. रस्ता राहिला एकच. खिडकी. बरोबर?”

“हो.”

“खिडकीत काय हाये?”

डोळ्यांसमोर खिडकी आली. आमच्याकडे होळी झाली की माळ्यावरून कुलर उतरतो. त्याला धुवायचं, तिन्ही बाजूंच्या जाळ्यांत नवं गवत भरायचं, बाहेरच्या बाजूने लोखंडी स्टँडवर चढवून खिडकीत बसवायचा. वऱ्हाडात हे घराघरांत होतं. पाऊस येईपर्यंत तो कुलर घराचाच भाग असतो, भिंतीसारखा. भिंतीकडे कोण बघतं?

“कुलर,” मी म्हटलं.

“कधी मांडला?”

“होळीनंतर.”

“अन् तिची गाडी कधीपासून अडकून राहिली?”

मी बोटांवर दिवस मोजायला लागले. तोवर मावशीने पुढचं विचारलं.

“पानी कधी भरता?”

“साडेतीनला. बाबा झोपून उठायच्या आधी.”

“म्हंजे सकाळी टाकी रिकामी अन् गवत वाळेल. चारले टाकी भरेल, तिन्ही बाजूनं गवत वलं.” तिने हातातला रिमोट खाली ठेवला. “टीनाच्या डब्यात पानी भरून खिडकीत बसवता अन् लहरीले म्हनता, आरपार जाय. ते काय तुह्या बापाचं पत्रक हाये काय, कुठंबी जाऊन चिकटाले? पन्नास पोराइच्या वर्गात एकतरी पोरगं हे सांगत होतं वं.”

मला लाज वाटली आणि हसूही आलं. तिच्या सोबतीच्या बाईने चहा आणला. चहा पिताना मावशी खिडकीकडे बघून म्हणाली, “दिवसभर मले उठवतात, बसवतात, खाऊ घालतात. वाईट नाई कोनी. पन त्या एका तासात मी कोनाले तरी मागं टाकते. ते गेलं तर मंग काय राहिलं, हे मले पुन्यावाल्याले सांगता नाई येत. त्याले वाटन, म्हातारी गेमसाठी रडून राहिली.”

मी भावाला सुनवायचा मजकूर मनातल्या मनात फाडून टाकला. तिने तो मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी आईला हात धरून मागच्या खोलीत बसवलं आणि म्हटलं, दहा मिनिटं, फक्त बघ. मग पुढे जाऊन कुलर बंद केला, टाकीचं पाणी अंगणात सोडलं आणि स्टँडसकट तो खिडकीपासून ओढून बाजूला केला. अंगण तापलं होतं. पाणी पडलं तसं वाफाळलं. बाबा बनियनवर खिडकीत आले आणि बघत राहिले. मागच्या खोलीतून आईचा आवाज आला, “आलं वं. साऱ्या रेघा आल्या.”

दहा मिनिटं आईने नुसती एकटीनेच गाडी चालवली. एकदाही जोडणी तुटली नाही.

“मग आता?” बाबा म्हणाले. त्यांची पाठ घामाने भिजली होती आणि ते एका पत्रकाने वारा घेत होते. “उन्हाळाभर मी भाजून घ्यायचं?”

मी सुरू झाले. म्हटलं, या घरात एकाच्या गारव्यासाठी दुसऱ्याने नेहमी दार लावून बसायचं, ही वाटणी कोणी केली, आणि ज्यांना ती सोयीची आहे तेच तिला निसर्गनियम म्हणतात.

“हे वाक्य माझं आहे,” बाबा म्हणाले. “पाण्याच्या पत्रकातलं. आणि तिथे ते बरोबर बसलं होतं.”

“इथेही बसतं.”

बाबांनी थोडा विचार केला. ते चुकले की लगेच कबूल करत नाहीत, पण विचार करतात हे मान्य करायलाच हवं. “कुलर हलवायची गरज नाही,” ते म्हणाले. “राउटर हलवा. तोच मागच्या खोलीत नेऊन लावा.”

हे बरोबर होतं आणि मला सुचलं नव्हतं. पण राउटरची तार बारीक काचेची असते, ती खिळे ठोकून खेचता येत नाही. ती लांबवायला इंटरनेटवाल्यांचा माणूस लागणार होता. म्हणजे पुन्हा तोच फोन आणि तोच प्रश्न. मी फोन हातात घेतला.

“दे इकडं,” आई म्हणाली. ती दारात येऊन उभी होती.

मला वाटलं ती परीक्षा म्हणणार. या वेळी मी अडवणार नव्हते. अक्षय तृतीया चार दिवसांवर होती आणि मला मावशीचा तास माझ्या तत्त्वापेक्षा मोठा वाटायला लागला होता. मी आईला पुण्याच्या भावाचं सगळं सांगून टाकलं होतं, मावशीने नको म्हटलं असूनही. आता कोणाच्या पाठीमागे काही करायचं नाही असं मी ठरवलं होतं. आईने फोन लावून स्पीकरवर टाकला.

“राउटर हलवून पाहिजे,” ती म्हणाली. “मागच्या खोलीत.”

“हो माय. काय काम असते तुमचं? क्लास हायेत काय कोनाचे?”

मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इथेच, याच जागी, महिनाभरापूर्वी तिने मला खोटं बोलायला सांगितलं होतं.

“क्लास नाई,” ती म्हणाली. “मी गेम खेळते. गाडीचा. बहिणीसंगं.”

पलीकडे मागे कोणीतरी हसलेलं ऐकू आलं. “ते चिठ्ठीवाल्या तुमीच काय?”

“चिठ्ठी पोरीनं लिहिली. गाडी मी चालवते. घ्या लिहून.”

“माय, तसा रकाना नाई ना आमच्याजवळ. ऑफिस हाये, शिक्षण हाये, दुकान हाये.”

“मंग कोरी जागा असन ना कुठं. तिथं लिहा, खेळ.”

“लिहितो मी नंतर.”

“आता लिहा. मी हाये फोनवर.”

आई भिंतीला टेकली. बाबांनी वारा घेणं थांबवलं होतं. पलीकडे कागदाचा आवाज आला, मग तो माणूस जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, “लिहिलं.”

“वाचून दाखवा.”

त्याने वाचून दाखवलं. “खेळासाठी राउटर मागच्या खोलीत हलवणे.” आईने पत्ता पुन्हा सांगितला आणि फोन माझ्या हातात दिला.

माणूस तिसऱ्या दिवशी सकाळी आला. शिडी भिंतीला लावून त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. “पोट्टा कुठं हाये, खेळनारा?”

“मीच खेळते,” आई म्हणाली. “चहा घेता की आधी काम करता?”

त्याने आधी काम केलं. तार पाइपातून अंगणाच्या कडेने फिरवली, मागच्या खोलीच्या फळीवर राउटर बसवला. कुलर जागचा हलला नाही. मग जोडणी तपासायला म्हणून आईने एक शर्यत लावली आणि तो पक्कड हातात धरून शेवटपर्यंत उभा राहिला.

“वळनावर ब्रेक नोका मारू, माय. नुसता रेस सोडा.”

“तू तार पाहा, बाप्पा.”

त्या दिवशी चार वाजता मावशीचा फोन आला नाही. तिला टोमणा मारायला काही उरलं नव्हतं, आणि शिवाय ती हरत होती.

अक्षय तृतीयेला पुण्याचा भाऊ रिकामी बॅग घेऊन अकोल्याला पोचला तेव्हा चारला दहा कमी होते. काय झालं ते मी नंतर दोन्ही बाजूंनी ऐकलं. त्याने मशीनची गोष्ट काढली. मावशी म्हणाली, पाच वाजता बोलू, आता टीव्हीसमोरून सरक. तो तासभर खुर्चीवर बसून राहिला. आपली आई अशी शिवी देऊ शकते हे त्याला माहीत नव्हतं. पाच वाजता तिने हेडफोन काढले, तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं की दुसरा रिमोट आणून देऊ का, याचं बटण अडकतं आहे. बॅगेत भरून तो वाळवणातले सरगुंडे आणि कुरड्या घेऊन गेला.

आमच्या घरी आता पुढच्या खोलीत वाय-फाय दुबळं झालं आहे. बाबांची पत्रकं हल्ली फोनवरून जातात, त्यामुळे ती पाठवायला त्यांना मागे यावं लागतं आणि ते नेमके चार वाजता येतात. खेळाबद्दल त्यांनी मत बदललं असं मी लिहिणार नाही. त्यांनी तसं म्हटलेलं नाही, आणि दुसऱ्याच्या वतीने लिहिण्याची मला आता धास्ती आहे. हा मजकूरसुद्धा मी आधी आईला वाचून दाखवला. तिने दोन वाक्यं काढायला लावली आणि पटाच्या गोष्टीत धुळीचा लोट घालायला सांगितला.

चक्कीवर ती आता बीपीचं नाव घेत नाही. कोणी चारला यायचं म्हटलं तर सांगते, खेळते मी, साडेपाचले या.

तर तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरातलं कोणी खेळत असेल आणि त्याची जोडणी तुटत असेल, तर आधी त्याला विचारा, त्याच्या नावाने तक्रार चालेल का. चालणार असेल तर फोन त्याच्याच हातात द्या. पलीकडचा माणूस काम विचारेल. तिथे परीक्षा, ऑफिस, क्लास यातलं काहीही पुढे करू देऊ नका. ‘खेळ’ म्हणायला सांगा. रकाना नाही म्हणाले तर कोऱ्या जागेत लिहायला लावा. ते नंतर लिहितो म्हणतील. लिहून, वाचून दाखवेपर्यंत फोन ठेवू देऊ नका.